विश्लेषण : स्वतःच्याच आडनावाला मुकलेला इंजिनीअर… बेंटली मोटारीमागचे डब्ल्यू. ओ. बेंटली कोण होते?

पंख पसरलेले ‘बी’ अक्षर बॉनेटवर दिसले, की ती बेंटली आहे हे मोटारींची फारशी माहिती नसलेलाही ओळखतो. जगातील महागड्या मोटारींमध्ये तिची गणना होते. मात्र हे आडनाव ज्यांचे, त्या वॉल्टर ओवेन बेंटली यांच्या हातून ही कंपनी अवघ्या १२ वर्षांत निसटली. कंपनीबरोबर मोटारीवर स्वतःचे आडनाव लावण्याचा हक्कही गेला. पुढे त्यांनी दुसऱ्या कंपनीसाठी इंजिन तयार केले. त्या मोटारीला बेंटली हे नाव जोडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि नाव मागे घ्यावे लागले. त्यांचे इंजिन मात्र टिकले, पण वेगळ्याच नावाखाली. हे सारे कसे घडले, याचा हा आढावा.

सुरुवात रेल्वेच्या कारखान्यात कशी झाली?

डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. घर खाऊनपिऊन सुखी होते, पण त्यांचा जीव वाफेच्या इंजिनात अडकलेला. वयाच्या १६ व्या वर्षी शाळा सोडून त्यांनी डॉनकास्टर येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. पाच वर्षे त्यांनी ओतकाम, जोडणी, दुरुस्ती अशी सगळी कामे हाताने केली, अगदी धावत्या इंजिनात कोळसा टाकण्यापर्यंत. डब्यांची माळ घेऊन तासन् तास धावायचे आणि तरीही बिघडायचे नाही, ही रेल्वे इंजिनाची रीत त्यांच्या मनात कायमची ठसली.

याच काळात त्यांना मोटारसायकलचे वेड लागले. क्वाड्रंट कंपनीच्या मोटारसायकलवर लंडन ते एडिंबरा ही चाचणी शर्यत पूर्ण करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. १९०९ मध्ये ‘रेक्स’ आणि १९१० मध्ये ‘इंडियन’ या अमेरिकी मोटारसायकलवर ते ‘आइल ऑफ मॅन टीटी’ या खडतर शर्यतीत उतरले. दोन्ही वेळा त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. पुढे शर्यतीत उतरणारी मोटार आधी शेवटपर्यंत टिकली पाहिजे, हा त्यांचा आग्रह राहिला.

तुमच्या बाइकच्या पिस्टनशी त्यांचा संबंध काय?

रेल्वे सोडल्यावर डब्ल्यू. ओ. यांनी लंडनमधील एका टॅक्सी कंपनीत सुमारे २५० टॅक्सींच्या देखभालीचे काम पाहिले. १९१२ मध्ये थोरले बंधू होरेस यांच्यासह त्यांनी डीएफपी या फ्रेंच मोटारींची एजन्सी विकत घेतली. मोटार विकायची तर शर्यतीत चमकली पाहिजे, पण तिचे इंजिन लहान. मग त्याच इंजिनातून जास्त ताकद काढायची कशी, हा प्रश्न होता.

१९१३ मध्ये डीएफपीच्या फ्रान्समधील कारखान्यात गेले असता त्यांना टेबलावर एक पेपरवेट दिसले. ते ॲल्युमिनियमचे होते आणि आकार छोट्या पिस्टनचा. त्या काळी पिस्टन बीडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे किंवा पोलादाचे असत. ॲल्युमिनियम उष्णतेने वितळेल किंवा फुगून सिलिंडरमध्ये अडकेल, असा सार्वत्रिक समज होता. डब्ल्यू. ओ. यांनी ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन करून घेतले आणि ते इंजिनात बसवले.

पिस्टन सिलिंडरमध्ये वर जातो, थांबतो, उलट फिरतो. मिनिटाला हजारो वेळा. प्रत्येक वेळी त्याचे वजन थोपवण्याचा भार कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर येतो. ॲल्युमिनियमच्या पिस्टनचे वजन बीडाच्या तुलनेत निम्म्याहून कमी भरते, त्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरवता येते. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते. त्यामुळे पिस्टनचा माथा कमी तापतो आणि कॉम्प्रेशनही वाढवता येते. या पिस्टनच्या जोरावर डीएफपीने ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर आपल्या वर्गातील विक्रम केले. आज तुमच्या स्कूटरपासून ते लाखोंच्या स्पोर्ट्स बाइकपर्यंत पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचेच असतात. तो वापरून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या काही मोजक्या माणसांपैकी डब्ल्यू. ओ. एक होते.

पहिल्या महायुद्धात त्यांनी काय केले?

१९१४ मध्ये युद्ध सुरू झाले. पिस्टनचे हे गुपित विमानांच्या कामी येईल हे ओळखून डब्ल्यू. ओ. यांनी ते नौदलाच्या हवाई विभागाला सांगितले. विभागाने त्यांना इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवले. त्यात रोल्स-रॉइसही होती. त्या कंपनीच्या ‘ईगल’ या विमान इंजिनात ॲल्युमिनियमचे पिस्टन आले. याच कंपनीशी पुढे त्यांची गाठ वेगळ्या प्रकारे पडणार होती.

त्यानंतर त्यांच्याकडे क्लर्जे या फ्रेंच इंजिनाची डोकेदुखी आली. हे रोटरी इंजिन होते. म्हणजे क्रँकशाफ्ट जागेवर स्थिर आणि सगळे सिलिंडर पंख्यासह गरागरा फिरणारे. समोरून येणारी हवा सिलिंडरच्या एकाच बाजूला जास्त लागे, त्यामुळे दुसरी बाजू तापून सिलिंडर वाकडा होई आणि इंजिन हवेतच बंद पडे. डब्ल्यू. ओ. यांनी सिलिंडर ॲल्युमिनियमचा केला आणि आत बीडाचे अस्तर घातले. बीआर-१ नावाचे हे इंजिन ‘सॉपविथ कॅमल’ या लढाऊ विमानात बसले, तर त्याचा मोठा भाऊ बीआर-२ ‘सॉपविथ स्नाइप’मध्ये. इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे वैमानिकांना सांगण्याची गरज नव्हती. या कामाबद्दल सरकारी आयोगाने त्यांना पुढे ८ हजार पौंड दिले.

पहिले बेंटली इंजिन का खास होते?

१९१९ हे वर्ष त्यांच्यासाठी टोकाचे ठरले. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांची पत्नी लिओनी हिचा मृत्यू झाला. लग्नाला जेमतेम पाच वर्षे झाली होती. आणि त्याच वर्षी बेंटली मोटर्स ही कंपनी उभी राहिली. लंडनच्या बेकर स्ट्रीटजवळच्या एका गल्लीतील शेडमध्ये शरद ऋतूत पहिले इंजिन सुरू झाले. सायलेन्सर नव्हताच. शेजारच्या नर्सिंग होममधून लगेच तक्रार आली, असा किस्सा सांगितला जातो.

हे इंजिन २,९९६ सीसीचे, चार सिलिंडरचे होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग, तर वर ओव्हरहेड कॅमशाफ्ट. सिलिंडर हेड आणि ब्लॉक एकसंध, म्हणजे गॅसकेट फुटण्याचा प्रश्नच नाही. चार व्हॉल्व्हचे इंजिन हे आज जाहिरातीत मिरवले जाते. तेव्हा ते शर्यतीच्या मोजक्या मोटारींत असे.

याचे बोअर आणि स्ट्रोक पाहण्यासारखे आहेत. सिलिंडरचा व्यास ८० मिमी आणि पिस्टनची धाव तब्बल १४९ मिमी. जुन्या बुलेट ३५०ची धकधक ज्या लाँग स्ट्रोकमुळे येते, तिथे हे आकडे ७० आणि ९० मिमी आहेत. म्हणजे बेंटलीचा स्ट्रोक व्यासाच्या जवळपास दुप्पट. त्यामागे एक हिशेबही होता. ब्रिटनमध्ये करासाठी मोटारीची हॉर्सपॉवर प्रत्यक्ष मोजली जात नसे. सिलिंडरचा व्यास आणि संख्या एका सूत्रात घालून ती काढत. स्ट्रोकचा त्यात विचारच नव्हता. त्यामुळे सिलिंडर अरुंद आणि लांब ठेवले, की ताकद मिळे आणि कर वाचे. मेकॅनिकलच्या वर्गात शिकवले जाणारे इंजिनाचे प्रमाण कधी कधी कर खात्याने ठरवलेले असते, ते असे.

१९२१ मध्ये पहिल्या ग्राहकाला मोटार मिळाली. कंपनी केवळ चासी आणि इंजिन देई, वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेत.

ले मान्समध्ये दबदबा कसा निर्माण झाला?

१९२३ मध्ये फ्रान्समधील ले मान्स येथे २४ तासांची शर्यत प्रथमच झाली. दिवसरात्र मोटारी पळवण्याची ही कल्पना डब्ल्यू. ओ. यांना वेडेपणाची वाटली होती. जॉन डफ या ग्राहकाने स्वतःची मोटार उतरवली, सोबत कंपनीचे चालक फ्रँक क्लेमंट. डब्ल्यू. ओ. ऐनवेळी पाहायला गेले आणि शर्यतीच्या प्रेमातच पडले. दगड लागून पेट्रोलची टाकी फुटल्यामुळे बराच वेळ वाया गेला, तरी मोटार चौथी आली. १९२४ मध्ये याच जोडीने शर्यत जिंकली.

१९२७ मध्ये तर रात्रीच्या अंधारात ‘व्हाइट हाऊस’ या वळणावर कंपनीच्या तिन्ही मोटारी एकाच अपघातात सापडल्या. त्यातील एक वाकलेल्या सांगाड्यासह पिटमध्ये परतली, जमेल तशी ठाकठीक करून पुन्हा पळाली आणि जिंकली. त्यानंतर १९२८, १९२९ आणि १९३० अशी सलग तीन विजेतेपदे. १९२९ मध्ये तर पहिले चारही क्रमांक बेंटलीचे होते. एकूण पाच विजय.

या सगळ्यामागे डब्ल्यू. ओ. यांचे साधे सूत्र होते. अधिक ताकद हवी असेल, तर इंजिन मोठे करा. तीन लिटरनंतर साडेचार लिटरचे, १०० मिमी व्यास आणि १४० मिमी स्ट्रोकचे चार सिलिंडर इंजिन आले. त्याच मापाचे सहा सिलिंडर घेतले की साडेसहा लिटर. व्यास ११० मिमी केला की आठ लिटर. मोठे इंजिन तेवढीच ताकद आरामात देते, त्याला धापा टाकाव्या लागत नाहीत. म्हणून ते २४ तास टिकते. डॉनकास्टरच्या रेल्वे इंजिनाचाच हा धडा होता.

‘ब्लोअर’वरून वाद का झाला?

शर्यती जिंकल्या तरी तिजोरी रिकामीच राहिली. अपुऱ्या भांडवलावर सुरू झालेल्या या कंपनीचे उत्पादन महाग होते आणि विकल्या जाणाऱ्या मोटारी कमी. १९२६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचे वारसदार वुल्फ बार्नाटो यांनी पैसा ओतला आणि कंपनी त्यांच्या ताब्यात गेली. बार्नाटो स्वतः उत्तम चालक. ले मान्समध्ये ते तीनदा उतरले आणि तिन्ही वेळा जिंकले. पण आता डब्ल्यू. ओ. आपल्याच कंपनीत दुसऱ्याच्या शब्दावर काम करणारे झाले होते.

सर टिम बर्किन या धडाडीच्या चालकाला साडेचार लिटरच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवायचा होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा पंप. तो हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबाने सिलिंडरमध्ये कोंबतो. आजचा टर्बो हा त्याचाच भाऊबंद, फरक इतकाच की टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. त्याने ताकद सुमारे ११० हॉर्सपॉवरवरून शर्यतीच्या मोटारीत २४०पर्यंत गेली.

डब्ल्यू. ओ. यांना हे मुळीच पटले नाही. त्यांच्या मते हा इंजिनाच्या मूळ रचनेवर केलेला अत्याचार होता. दाब वाढला की उष्णता वाढते, प्लग आणि पिस्टन जळतात, पेट्रोल बेसुमार लागते आणि टिकाऊपणा जातो. पण बार्नाटो यांनी परवानगी दिली, डोरोथी पॅजेट या श्रीमंत तरुणीने बर्किन यांच्या संघाला पैसे पुरवले आणि शर्यतीच्या नियमासाठी अशा ५० मोटारी विक्रीसाठीही बनवाव्या लागल्या.

१९३०च्या ले मान्समध्ये बर्किन यांनी ‘ब्लोअर’ बेंटली घेऊन रुडॉल्फ काराचिओला यांच्या सुपरचार्ज्ड मर्सिडीजचा जबरदस्त पाठलाग केला. टायर फाटत असतानाही त्यांनी तिला मागे टाकले. रात्री मर्सिडीज बंद पडली. पण दोन्ही ‘ब्लोअर’ही शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. पहिले दोन क्रमांक मिळाले ते सुपरचार्जर नसलेल्या, साडेसहा लिटरच्या ‘स्पीड सिक्स’ मोटारींना.

‘ब्लोअर’ अगदीच अपयशी होती असे नाही. त्याच वर्षी फ्रेंच ग्रां प्रीमध्ये ती दुसरी आली आणि १९३२ मध्ये तिच्या एका आसनी आवृत्तीने ब्रुकलंड्सवर ताशी सुमारे २२२ किमीचा विक्रम केला. पण मोठी शर्यत तिने एकही जिंकली नाही. विशेष म्हणजे आज जुनी बेंटली म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हीच मोटार येते. इयान फ्लेमिंग यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत जेम्स बाँडलाही हीच मोटार मिळाली.

कंपनी हातातून कशी गेली?

१९३० मध्ये डब्ल्यू. ओ. यांनी आपली सर्वांत महत्त्वाकांक्षी मोटार आणली. ७,९८३ सीसीचे सहा सिलिंडर इंजिन आणि वर जड बंदिस्त बॉडी असतानाही ताशी १०० मैलांचा, म्हणजे १६० किमीचा वेग. रोल्स-रॉइसच्या ‘फँटम’ला ही थेट टक्कर होती. पण न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळून वर्ष झाले होते आणि महामंदीत इतकी महाग मोटार घेणार कोण? जेमतेम १०० मोटारी तयार झाल्या.

१९३१ च्या मध्यावर कर्जाचे हप्ते थकले. बार्नाटो यांनी आणखी पैसे देण्यास नकार दिला आणि कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. नेपियर ही विमान इंजिनांची कंपनी खरेदीस तयार होती. बोलणी इतकी पुढे गेली होती, की नेपियरसाठी नव्या मोटारीचे कामही डब्ल्यू. ओ. यांनी सुरू केले होते. न्यायालयाची मंजुरी ही औपचारिकता वाटत असताना ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट या अनोळखी नावाने अधिक रकमेची बोली आली आणि कंपनी त्यांना मिळाली. या ट्रस्टच्या मागे कोण आहे, हे डब्ल्यू. ओ. यांना काही दिवस कळलेही नाही. ती होती रोल्स-रॉइस!

या सौद्यात इमारती आणि यंत्रे होती, बेंटली हे नाव होते आणि खुद्द डब्ल्यू. ओ. यांचा नोकरीचा करारही होता. ज्या कंपनीला त्यांनी युद्धात पिस्टनचे गुपित सांगितले, तिच्याच नोकरीत ते गेले. तिथे त्यांना नव्या मोटारी चालवून पाहण्याचे काम मिळाले, इंजिन रेखाटण्याचे नाही. जुना कारखाना बंद झाला. १९३३ मध्ये बेंटली नावाने नवी मोटार आली, पण ती रोल्स-रॉइसच्या घटकांवर बांधलेली होती. १९३१ हेच त्यांच्या घटस्फोटाचेही वर्ष. दुसरे लग्नही मोडले होते.

नाव गेल्यानंतर त्यांनी काय केले?

करार संपताच १९३५ मध्ये डब्ल्यू. ओ. लागोंडा कंपनीत तांत्रिक प्रमुख म्हणून गेले. वय ४६. तिथे त्यांनी ४,४८० सीसीचे व्ही-१२ इंजिन घडवले. त्याचे माप होते ७५ आणि ८४.५ मिमी. लांब स्ट्रोकची सवय त्यांनी सोडून दिली होती आणि इंजिन आता कितीतरी जास्त वेगाने फिरत होते. आपल्याच जुन्या सूत्राला ते चिकटून बसले नाहीत. अवघ्या काही महिन्यांच्या तयारीवर १९३९च्या ले मान्समध्ये या मोटारी तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. त्यानंतर दुसरे महायुद्ध सुरू झाले.

युद्धाच्या काळातच त्यांच्या मार्गदर्शनाखाली एक नवे इंजिन आकाराला आले. २,५८० सीसी, सहा सिलिंडर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट. ही मोटार ‘लागोंडा-बेंटली’ या नावाने आणण्याचे ठरले. रोल्स-रॉइसने हरकत घेतली, वाद न्यायालयात गेला आणि नाव सोडावे लागले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हते. रोल्स-रॉइसने ते नाव रोख पैसे मोजून घेतले होते.

युद्धानंतर पोलादाची टंचाई होती आणि लागोंडाकडे उत्पादन सुरू करण्याइतका पैसा नव्हता. १९४७ मध्ये उद्योगपती डेव्हिड ब्राऊन यांनी लागोंडा विकत घेतली. त्याच वर्षी त्यांनी ॲस्टन मार्टिनही घेतली होती. ॲस्टनकडे देखणी मोटार होती, पण दमदार इंजिन नव्हते. लागोंडाकडे इंजिन होते. १९५० मध्ये हे सहा सिलिंडर इंजिन ‘ॲस्टन मार्टिन डीबी-२’मध्ये बसले. पुढच्याच वर्षी ती ले मान्समध्ये तिसरी आली. त्यानंतर याच इंजिनाच्या वाढवलेल्या आवृत्तीवर ‘डीबी-३एस’ने १९५५, १९५६ आणि १९५८ मध्ये दुसरा क्रमांक मिळवला. डीबी मालिकेची ओळख ज्या मोटारींनी घडवली, त्यांचे हृदय डब्ल्यू. ओ. यांच्या हाताखाली तयार झालेले होते.

पुढे काय झाले?

डब्ल्यू. ओ. काही काळ आर्मस्ट्राँग सिडलीसाठी इंजिन रेखाटून निवृत्त झाले. जुन्या बेंटली जपणाऱ्या मालकांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या क्लबच्या मेळाव्यांत त्यांना मोठा मान मिळे. १३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तीन लग्ने झाली, मूल नव्हते. त्यांच्या काळात तयार झालेल्या सुमारे तीन हजार मोटारींपैकी कित्येक आजही रस्त्यावर धावतात.

नावाचा खेळ मात्र थांबला नाही. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने रोल्स-रॉइस मोटारींचा क्रू येथील कारखाना बेंटली नावासह विकत घेतला. पण रोल्स-रॉइस हे नाव वापरण्याचा हक्क मूळ विमान इंजिन कंपनीकडे होता आणि तिने तो बीएमडब्ल्यूला दिला. एकेकाळी दुसऱ्याचे नाव विकत घेणाऱ्या कारखान्याला शेवटी स्वतःचेच नाव सोडावे लागले. आज त्या कारखान्यात फक्त बेंटली बनतात.

२००३ मध्ये बेंटलीने ले मान्स पुन्हा जिंकली. त्या मोटारीत ऑडीच्या घराण्यातील व्ही-८ इंजिन होते, तेही दोन टर्बो लावलेले. कंपनीने अलीकडे ‘ब्लोअर’च्या १२ नव्या प्रतीही बनवायला घेतल्या. म्हणजे संस्थापकाला जे नको होते, त्यावर आज त्यांचे नाव आहे. आणि ज्या सहा सिलिंडर इंजिनाला त्यांचे नाव द्यायचे होते, ते १९५९ पर्यंत ॲस्टन मार्टिनच्या मोटारींत धावले. त्यावर बेंटली ही अक्षरे कुठेही नव्हती.